डेटा वेअरहाऊसचे अर्थसमर्थन : एका लेखनप्रकाराची चिकित्सा

व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापनात ‘बिझनेस केस’ हा शब्द आता इतका रुळला आहे की तो एक लेखनप्रकार आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. एखाद्या प्रकल्पावर पैसा का खर्च करावा हे संचालक मंडळाला पटवून देणारा दस्तऐवज, एवढ्यावर त्याची व्याख्या संपते. परंतु पटवून देणे ही भाषेची कृती आहे. तिला स्वतःचे संकेत असतात, ठरावीक दाखले असतात, पुराव्याची निवड असते आणि सोयीने गाळलेल्या जागाही असतात. या दृष्टीने पाहता डेटा वेअरहाऊससाठी केले जाणारे अर्थसमर्थन हा या लेखनप्रकाराचा बहुधा सर्वांत अवघड नमुना होय. संस्थेच्या निरनिराळ्या विभागांतील व्यवहारांच्या नोंदी एकत्र आणून, त्यांतील विसंगती दूर करून, विश्लेषणासाठी कालक्रमाने जतन करणारे भांडार म्हणजे डेटा वेअरहाऊस. पूल बांधला तर वाहने जातात, यंत्र बसवले तर माल निघतो. वेअरहाऊस उभारले तर काय होते, या प्रश्नाला मात्र ‘कोणीतरी पूर्वीपेक्षा वेगळा निर्णय घेईल’ याहून नेमके उत्तर देता येत नाही. आणि तो निर्णय घेतला जाईलच याची हमी तंत्रज्ञान देऊ शकत नाही. या अर्थसमर्थनांचा खरा दोष आकडेमोडीत क्वचितच असतो. निर्णय घेणारी व्यक्ती आणि तिचा निर्णय या दोन्ही गोष्टी दस्तऐवजातून गळालेल्या असतात, हा तो दोष होय. प्रस्तुत लेखात त्याचाच शोध घेतला आहे.

संकल्पनेतच असलेली अडचण

डेटा वेअरहाऊसच्या रचनेची पहिली सुस्पष्ट मांडणी आयबीएम कंपनीतील बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मधील निबंधात केली. पुढे १९९२ मध्ये बिल इन्मन यांचा ‘बिल्डिंग द डेटा वेअरहाऊस’ आणि १९९६ मध्ये राल्फ किंबॉल यांचा ‘द डेटा वेअरहाऊस टूलकिट’ हे ग्रंथ प्रसिद्ध झाले. या दोघांमधील मतभेद संगणकशास्त्राच्या वर्गात नेहमी शिकवला जातो; अर्थसमर्थनाच्या अंगाने मात्र त्याचा विचार अभावानेच होतो. इन्मन यांच्या मते संपूर्ण संस्थेचे एकसंध भांडार आधी उभे राहावे आणि विभागांची छोटी भांडारे त्यातून निघावीत. किंबॉल यांच्या मते विक्री, साठा, वसुली अशा एकेका व्यवहारप्रक्रियेचे भांडार उभारत जावे आणि ग्राहक, वस्तू, काळ यांसारखी परिमाणे सर्वत्र समान ठेवून ती परस्परांशी जोडावीत. पहिला मार्ग धरणाचा, दुसरा विहिरीचा. विहिरीचे समर्थन करणे सोपे असते. शेत समोर दिसते, शेतकऱ्याचे नाव माहीत असते. धरणाचे समर्थन करताना लाभक्षेत्राचा नकाशा काढावा लागतो आणि त्या नकाशातील किती क्षेत्राला प्रत्यक्षात पाणी पोहोचले, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे उरतो. अर्थात विहिरी वाढत गेल्या की भूजलाचा हिशेब कोणी ठेवायचा, हा किंबॉल यांच्या मार्गातील प्रश्नही खोटा नाही.

इन्मन यांनी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली आहे. नेहमीच्या प्रणालीत गरजा आधी ठरतात व बांधणी नंतर होते. वेअरहाऊसमध्ये डेटा आधी एकत्र येतो, तो वापरून पाहिला जातो आणि गरजा शेवटी उमगतात. हा उलटा क्रम दाखवण्यासाठी त्यांनी प्रणाली-विकासचक्राच्या प्रचलित इंग्रजी आद्याक्षरांचाच क्रम फिरवून ‘सीएलडीएस’ असे नाव बनवले. हे म्हणणे प्रामाणिक आहे आणि अनुभवाशी जुळणारेही आहे. परंतु त्याचा तर्कसंगत परिणाम अर्थसमर्थनाच्या मुळावर येतो. गरजाच आधी कळत नसतील तर लाभ आधी कसा मोजणार? या प्रश्नाला सामोरे जाण्याऐवजी अर्थसमर्थनाच्या लेखकांनी एक पळवाट शोधली. स्वतःच्या संस्थेतील लाभ मोजता येत नाही म्हणून दुसऱ्यांच्या लाभाची सरासरी आणून ठेवायची, अशी ती पळवाट आहे.

उसनी संख्या

अशा सरासरींपैकी सर्वांत अधिक प्रवास केलेली संख्या आहे ४०१. आयडीसी या संशोधनसंस्थेने १९९६ मध्ये ६२ संस्थांच्या वेअरहाऊस प्रकल्पांचा आर्थिक अभ्यास प्रसिद्ध केला आणि तीन वर्षांतील गुंतवणुकीवरील परतावा सरासरी ४०१ टक्के असल्याचे म्हटले. पुढील दशकभर विक्रेत्यांच्या सादरीकरणांतून, सल्लागारांच्या अहवालांतून आणि पाठ्यपुस्तकांतून ही संख्या फिरत राहिली. तिच्यासोबत असायला हवी होती ती माहिती वाटेत गळत गेली. त्या ६२ संस्थांमध्ये परताव्याची तफावत प्रचंड होती आणि मध्यक सरासरीच्या मानाने बराच खाली होता. थोड्या संस्थांच्या असामान्य लाभाने सरासरी वर ओढली गेली होती. संख्याशास्त्राच्या प्रथम वर्षात शिकवला जाणारा हा धडा आहे. तरीही सरासरी उद्धृत करून मध्यक गाळण्याची रीत प्रतिष्ठित प्रकाशनांतूनही आढळते.

याहून गंभीर मुद्दा नमुना-निवडीचा आहे. चालू स्थितीत असलेले वेअरहाऊस ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच परतावा विचारता येतो. अर्ध्यावर सोडून दिलेला प्रकल्प, अर्थसंकल्पातून गुपचूप वगळलेला प्रकल्प, किंवा उभारून कोणीही न वापरलेला प्रकल्प अशा पाहणीत सहभागी होण्यास उत्सुक नसतो. त्यामुळे ४०१ ही संख्या तारलेल्या जहाजांवरून समुद्राच्या शांततेचा अंदाज बांधण्यासारखी आहे.

उलट बाजूची संख्याही तितकीच प्रसिद्ध आहे. २००५ च्या आरंभी गार्टनर या संस्थेने असे भाकीत केले की २००७ पर्यंत निम्म्याहून अधिक डेटा वेअरहाऊस प्रकल्पांना मर्यादित स्वीकृती मिळेल किंवा ते सपशेल अपयशी ठरतील. हे भाकीत होते, मोजणी नव्हती. तरीही ‘निम्मे प्रकल्प फसतात’ हे जणू सिद्ध झाले आहे अशा थाटात ते पुढे लिहिले गेले. गमतीचा भाग असा की एकाच प्रस्तावात या दोन्ही संख्या सुखाने नांदू शकतात. प्रकल्प मंजूर व्हावा म्हणून ४०१, आणि अनुभवी सल्लागार नेमावा म्हणून निम्म्यांचे अपयश. दोन्हींचा त्या विशिष्ट संस्थेशी काहीही संबंध नसतो. संचालक मंडळापुढे खरा प्रश्न ‘इतरांना काय मिळाले’ हा नसून ‘येथे कोणता निर्णय बदलेल’ हा असतो, आणि तो विचारला जाऊ नये याची व्यवस्था उसन्या संख्येने आपोआप होते.

बिअर, डायपर आणि न हललेली फळी

संख्येनंतर दाखला. डेटा वेअरहाऊस आणि डेटा मायनिंग या विषयांवरील व्याख्यानांत बिअर व डायपर यांची कथा ऐकली नाही असा प्राध्यापक विरळा. संध्याकाळी बाळासाठी डायपर आणायला दुकानात गेलेले तरुण वडील स्वतःसाठी बिअरही घेतात, असे वॉलमार्टच्या संगणकाने शोधून काढले. मग दुकानाने या दोन वस्तू शेजारी मांडल्या आणि विक्री वाढली, अशी ती सांगितली जाते. वेअरहाऊस उभारा, अशा गोष्टी आपोआप बाहेर येतील, हा तिचा आशय. अर्थसमर्थनाच्या दस्तऐवजातील तिचे स्थान कीर्तनाच्या उत्तररंगातील आख्यानासारखे आहे; पूर्वरंगात सिद्धान्त मांडला की श्रोत्यांच्या मनात तो ठसवण्यासाठी ती येते.

निर्णय-साहाय्य प्रणालींचे अभ्यासक डी. जे. पॉवर यांनी २००२ मध्ये या कथेचा माग काढला. तेव्हा समोर आले ते असे. १९९२ मध्ये टेराडेटा कंपनीच्या किरकोळ व्यापारविषयक सल्लागार गटाचे प्रमुख थॉमस ब्लिशॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्को ड्रग या अमेरिकी औषध-दुकानांच्या साखळीतील सुमारे २५ दुकानांमधील १२ लाख खरेदी-टोपल्यांचे विश्लेषण केले. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत बिअर आणि डायपर एकत्र घेतले जातात, असा संबंध त्यांत दिसला. ऑस्कोच्या व्यवस्थापकांनी त्याचा लाभ उठवण्यासाठी या वस्तू शेजारी मात्र ठेवल्या नाहीत. दुकान वॉलमार्टचे नव्हते, आणि फळी हलली नाही.

कथेचे खंडन अनेकांनी केले आहे. ते करून थांबणे पुरेसे नाही. ऑस्कोचा मूळ प्रसंग खोट्या कथेपेक्षा कितीतरी अधिक शिकवणारा आहे. डेटा होता, तो एकत्र आणला होता, प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळाले आणि ते आश्चर्यकारकही होते. म्हणजे तंत्रज्ञानाने आपले काम पूर्ण केले होते. तरीही आर्थिक लाभ शून्य, कारण फळीची मांडणी बदलण्याचा निर्णय कोणी घेतला नाही. न घेण्याला योग्य कारणेही असू शकतात. दोन वस्तू एकत्र विकल्या जातात म्हणून त्या शेजारी ठेवल्याने विक्री वाढेलच असे नाही. ग्राहक त्या दोन्ही घेणारच असतील तर त्या दूर ठेवून त्याला मधल्या फळ्यांसमोरून चालायला लावणे दुकानदाराच्या दृष्टीने अधिक फायद्याचे ठरू शकते. सहसंबंधातून कृती निघत नाही. कृतीसाठी प्रयोग करून पाहावा लागतो आणि त्या प्रयोगाची किंमत वेअरहाऊसच्या खर्चात कधीच धरलेली नसते. ज्या प्रसंगात परतावा मिळाला नाही तोच प्रसंग परताव्याचा सर्वांत लाडका पुरावा ठरावा, हा या लेखनप्रकाराच्या इतिहासातील मोठा उपरोध होय.

‘विक्री’ म्हणजे काय?

लाभाची बाजू अशी भुसभुशीत असताना खर्चाची बाजू तरी पक्की असते, असा समज आहे. यंत्रसामग्री, परवाने, सल्लागारांचे शुल्क, प्रशिक्षण या बाबी दरपत्रकावरून लिहिता येतात हे खरे. परंतु वेअरहाऊसचा मोठा खर्च दरपत्रकावर नसतोच. जुन्या प्रणालींतून डेटा काढणे, तो शुद्ध करणे, समान रूपात आणणे आणि भांडारात भरणे, या कामात प्रकल्पाची सुमारे ७० टक्के साधने सहज खर्ची पडतात, असे किंबॉल आणि कॅसर्टा यांनी या विषयावरील २००४ च्या ग्रंथात म्हटले आहे. ही टक्केवारी सर्वत्र तंतोतंत लागू होईल असे मानण्याचे कारण नाही. तिच्यामागील कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे.

एखाद्या वस्तुनिर्माण कंपनीत ‘या महिन्यात विक्री किती झाली’ असा साधा प्रश्न विचारावा. विक्री विभाग मागणी नोंदवली गेली तेव्हा विक्री झाली असे धरतो, कारण त्याचे कमिशन त्यावर ठरते. गोदामाच्या लेखी माल बाहेर पडला की विक्री. लेखा विभागाच्या दृष्टीने बिल निघाले की विक्री, आणि परत आलेला माल त्यातून वजा. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तिघांचे आकडे वेगळे असतात. ‘ग्राहक’ या शब्दाचेही तसेच. एकाच घरातील पती, पत्नी आणि त्यांची भागीदारी संस्था हे बँकेचे तीन ग्राहक की एक? बचत खाते विभाग एक उत्तर देतो, कर्ज विभाग दुसरे. वेअरहाऊसमध्ये या सर्वांची एकच व्याख्या करावी लागते, आणि व्याख्या केली की कोणाचा तरी आकडा कमी होतो. ज्याचा आकडा कमी होतो तो बैठकीत ‘डेटा चुकीचा आहे’ असे म्हणतो. पुढील सहा महिने संगणक विभाग डेटा तपासत राहतो. वास्तविक वाद सत्तेचा असतो, आणि तो तपासणीने मिटणारा नसतो.

या वादाची किंमत दस्तऐवजात कुठे येते? बहुधा ‘डेटा शुद्धीकरण’ या एका ओळीत, काही मनुष्य-महिने असे लिहून. व्याख्येचा निवाडा कोणी करायचा, त्याला कोणता अधिकार असेल, निवाडा मान्य न करणाऱ्या विभागप्रमुखाचे काय करायचे, याविषयी एक शब्दही नसतो. बार्बरा विक्सम आणि ह्यू वॉटसन यांनी २००१ मध्ये १११ संस्थांच्या पाहणीवर आधारलेला जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात व्यवस्थापनाचा पाठिंबा, साधने आणि वापरकर्त्यांचा सहभाग या घटकांचा यशाशी असलेला संबंध तपासला आहे. तेथील ‘व्यवस्थापनाचा पाठिंबा’ या शब्दाचा अर्थ अर्थसमर्थनाचे लेखक ‘खर्चाला मंजुरी’ असा सोयीस्कर लावतात. व्याख्येच्या वादात एका बाजूला दुखावण्याची तयारी, हा त्याचा अधिक खरा अर्थ होय.

एका वर्षाचा विलंब

आकडेमोडीविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण दस्तऐवजाचे हेच पान सर्वांत आधी उघडले जाते. एक काल्पनिक प्रस्ताव घेऊ. आरंभीचा खर्च २ कोटी रुपये, दरवर्षीचा चालू खर्च ४० लाख, अपेक्षित वार्षिक लाभ दीड कोटी, कालावधी पाच वर्षे. साध्या हिशेबाने एकूण खर्च ४ कोटी, एकूण लाभ साडेसात कोटी, म्हणजे परतावा ८७.५ टक्के. वटावाचा दर १२ टक्के धरला तरी निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे १ कोटी ९७ लाख येते. प्रस्ताव मंजूर होण्यासारखा आहे.

आता दोनच बदल करावेत. व्याख्यांच्या वादामुळे पहिल्या वर्षी लाभ मिळालाच नाही, आणि पुढील चार वर्षे तो अपेक्षेच्या चार-पंचमांश, म्हणजे १ कोटी २० लाख राहिला. नुसत्या पहिल्या बदलाने निव्वळ वर्तमान मूल्य ६३ लाखांवर उतरते. दुसरा बदल जोडला की ते उणे १९ लाख होते. खर्चात एका रुपयाचीही वाढ न होता फायद्याचा प्रकल्प तोट्याचा होतो. यातील एक वर्षाचा विलंब किंवा एक-पंचमांश तूट यांपैकी काहीही असाधारण म्हणता येणार नाही. तरीही बहुतेक दस्तऐवजांत संवेदनशीलता-विश्लेषण खर्च दहा टक्क्यांनी वाढला तर काय, या प्रश्नावर थांबते. खर्च सर्वांना दिसतो म्हणून त्याची भीती वाटते; लाभ कोणाचाच नसतो म्हणून त्याच्या विलंबाची भीती कोणाला वाटत नाही.

लाभाच्या रकान्यात हमखास आढळणारी एक बाब म्हणजे ‘अहवाल तयार करण्यात वाचणारा वेळ’. पन्नास कर्मचाऱ्यांचा रोजचा एक तास, त्याला वेतनाने गुणले की भरघोस रक्कम तयार होते. पण वेतन वाचत नाही. कर्मचारी तेवढेच राहतात. वाचलेल्या तासात त्यांनी काय केले हे सांगता आले तरच तो लाभ. ही बाब इतकी लोकप्रिय आहे याचे कारण उघड आहे. तिच्यासाठी कोणाला कोणताही निर्णय बदलण्याचे वचन द्यावे लागत नाही.

दोन यशकथा, थोड्या सावधपणे

मग खरे अर्थसमर्थन शक्यच नाही काय? दोन प्रसिद्ध उदाहरणे याच्या उलट साक्ष देतात. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील फर्स्ट अमेरिकन कॉर्पोरेशन या बँकेला १९९० मध्ये सहा कोटी डॉलर तोटा झाला होता आणि नियामकांची तिच्यावर देखरेख होती. पुढे या बँकेने ग्राहकनिहाय नफा समजून घेऊन सेवा, उत्पादने व दर ठरवण्याचे धोरण स्वीकारले आणि त्या धोरणासाठी ‘व्हिजन’ नावाचे वेअरहाऊस उभारले. ‘एमआयएस क्वार्टर्ली’मध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ही हकीकत सविस्तर आली आहे. दुसरे उदाहरण कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचे. दोनदा दिवाळखोरीची पायरी चढलेली ही विमानकंपनी १९९४ मध्ये वेळेच्या पालनात अमेरिकेतील दहा मोठ्या कंपन्यांत तळाला होती. गॉर्डन बेथ्यून यांच्या नेतृत्वाखाली ‘गो फॉरवर्ड’ योजना आली. वेळापत्रक सुधारल्यास प्रत्येक कर्मचाऱ्याला दरमहा ६५ डॉलर देण्याची तीत तरतूद होती. वेअरहाऊस त्यानंतर, १९९८ पासून आकाराला आले. सहा वर्षांत सुमारे तीन कोटी डॉलर खर्चून ५० कोटी डॉलरांहून अधिक लाभ झाल्याचे २००४ च्या अभ्यासात नमूद आहे.

या आकड्यांकडे सावधपणे पाहिले पाहिजे. कॉन्टिनेंटलवरील निबंधाच्या लेखकांत त्या कंपनीचेच वरिष्ठ अधिकारी होते. अभ्यासासाठी निवडली जाणारी संस्था मुळात गाजलेली असते, म्हणजे ४०१ टक्क्यांबाबतचा नमुना-निवडीचा आक्षेप येथेही लागू पडतो. शिवाय ५० कोटींपैकी किती वेअरहाऊसमुळे आणि किती नव्या व्यवस्थापनामुळे, हे वेगळे काढणे कठीण आहे. परंतु दोन्ही हकीकतींतील घटनाक्रम कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. आधी संकट होते, मग धोरण ठरले, धोरणाने काही निर्णय वेगळे घेण्यास भाग पाडले, आणि त्या निर्णयांना लागणारी माहिती मिळत नाही म्हणून वेअरहाऊसची गरज भासली. कॉन्टिनेंटलमध्ये लाभाच्या नोंदी कामांच्या नावांसह सापडतात: तिकिटांचे दर व जागांचे नियोजन, तिकीटविक्रीतील फसवणुकीचा शोध, मोलाच्या प्रवाशांशी संपर्क. प्रत्येक कामामागे एक विभाग होता, म्हणजे लाभाला धनी होता. प्रचलित अर्थसमर्थन नेमका उलटा प्रवास करते. तंत्रज्ञान ठरलेले असते आणि त्याला साजेसे निर्णय शोधले जातात.

या दोन्ही संस्था आज स्वतंत्र नावाने अस्तित्वात नाहीत. फर्स्ट अमेरिकनचे १९९९ मध्ये ॲमसाऊथ बँकेत विलीनीकरण झाले; कॉन्टिनेंटलचे २०१० मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या कंपनीशी. माहितीचे भांडार संस्थेला दीर्घायुष्य देतेच असे नाही, हीदेखील एक नोंद.

जेथे नफा हा निकष नाही

सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत हा सारा हिशेब वेगळा होतो. मुंबईस्थित रिझर्व्ह बँकेने ‘डेटाबेस ऑन इंडियन इकॉनॉमी’ या नावाने आपले वेअरहाऊस सर्वांना खुले केले. अर्थशास्त्र आणि वाणिज्य शाखेतील असंख्य अध्यापक व संशोधक त्यातील आकडेमालांवर काम करत आले आहेत. जून २०२३ मध्ये बँकेने पुढच्या पिढीची केंद्रीकृत माहिती व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. एखाद्या जिल्हा महाविद्यालयातील संशोधकाला पतपुरवठ्याची आकडेमाला विनामूल्य मिळाली, याचा परतावा रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात कोठेही दिसणार नाही, आणि दिसावा अशी अपेक्षाही नसावी. तरीही निर्णयाचा प्रश्न येथेही लागू आहे. बँकांकडून विवरणपत्रे मागवण्याच्या पद्धतीत कोणता बदल झाला, कोणते विवरणपत्र दोनदा भरणे थांबले, कोणता धोका लवकर दिसला, असे प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरे रुपयांत नसली तरी तपासता येण्याजोगी असतात. ‘अमूर्त लाभ’ या शीर्षकाखाली जे काही ढकलले जाते, त्यातील बराच भाग अमूर्त नसून केवळ न विचारलेला असतो.

मंजुरीनंतरचे मौन

या लेखनप्रकाराचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य म्हणजे मंजुरीच्या क्षणी त्याचे आयुष्य संपते. कादंबरीचे परीक्षण प्रकाशनानंतर होते. अर्थसमर्थनाचे परीक्षण प्रकाशनापूर्वी होते आणि नंतर कोणी ते उघडत नाही. तिसऱ्या वर्षी दीड कोटींचा लाभ मिळेल असे लिहिणारा अधिकारी तोपर्यंत बहुधा दुसऱ्या पदावर गेलेला असतो, वेअरहाऊस मात्र चालू असते, आणि बंद करणे अधिक महाग असल्याने ते चालूच राहते. लेखापरीक्षक खर्चाची पावती तपासतो. लाभाची पावती मागण्याची प्रथा नाही. ही प्रथा पाडणे फारसे अवघड नाही. प्रस्तावातच प्रत्येक लाभासमोर तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: कोणता निर्णय, कोणत्या पदावरील व्यक्तीचा, आणि तो आज कसा घेतला जातो. तिसरी गोष्ट सर्वांत उपेक्षित आहे. आजच्या स्थितीची मोजदाद नसेल तर उद्या सुधारणा झाली की नाही हे सांगायला काहीही आधार उरत नाही. शक्य असेल तेथे काही शाखा किंवा काही ग्राहक जुन्याच पद्धतीवर ठेवून तुलना करावी. अनेक व्यवस्थापकांना हा सल्ला रुचत नाही. अर्ध्या शाखांना सुधारणेपासून वंचित का ठेवायचे, असा त्यांचा प्रश्न असतो. ती सुधारणा आहे हेच अजून सिद्ध व्हायचे आहे, हे त्यावरील उत्तर त्यांना आणखी रुचत नाही.

गेल्या दशकात परिस्थितीत एक मूलगामी बदल झाला आहे. २०१२ च्या अखेरीस ॲमेझॉनने ‘रेडशिफ्ट’ ही सेवा जाहीर केली. गूगलची ‘बिगक्वेरी’ आणि स्नोफ्लेक यांसारख्या सेवाही याच काळात रूढ झाल्या. वेअरहाऊस आता विकत घेण्याऐवजी भाड्याने वापरता येते. दोन कोटींचा आरंभीचा खर्च नाहीसा झाला, आणि त्याबरोबर संचालक मंडळापुढे अर्थसमर्थन मांडण्याची सक्तीही ढिली झाली. विभागप्रमुखाच्या अधिकारातील रकमेत काम सुरू होते, प्रश्न वाढतात, मासिक देयक वाढते, आणि दोन वर्षांनी लेखा विभाग विचारतो की एवढा पैसा जातो कुठे. पूर्वी दस्तऐवज होता आणि तो खोटी आश्वासने देत असे. आता पुष्कळदा दस्तऐवजच नसतो. २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेने त्यात भर घातली आहे. ‘एआयसाठी डेटा सज्ज हवा’ हे वाक्य आज जे काम करते, तेच पूर्वी ४०१ टक्के आणि बिअर-डायपर करत असत.

एक गोष्ट मात्र नव्या व्यवस्थेत पूर्वीपेक्षा चांगली आहे. भाड्याच्या वेअरहाऊसमध्ये कोणत्या विभागाने कोणता प्रश्न केव्हा विचारला आणि त्या प्रश्नाला किती खर्च आला, याची नोंद यंत्र स्वतः ठेवू शकते. दररोज सकाळी आपोआप तयार होणारा आणि कित्येक महिन्यांत कोणीही न उघडलेला अहवाल किती रुपयांना पडतो, हे आता काढता येते. त्या अहवालाची मूळ मागणी कोणी व कोणत्या निर्णयासाठी केली होती, हा रकाना तेवढा अजून कोरा असतो, आणि तो भरण्याचे काम यंत्राकडे सोपवण्यासारखे नाही.